मागच्या ॲक्सलवर १२.६ टन: इलेक्ट्रिक शहर बसच्या वजनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोठ्या शहराच्या बससेवेचं हे प्रकरण आहे. शहर, संस्था आणि मार्ग यांची ओळख मुद्दाम काढून टाकली आहे. जुन्या डिझेल गाड्या मोडीत काढताना सेवेने १२ मीटर लांबीच्या ४० लो-फ्लोअर इलेक्ट्रिक बस घेतल्या. दोन ॲक्सल (चाकांचे आस), पुढे एकेरी टायर, मागे जोडटायर, व्हीलबेस म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर ६ मीटर. बॅटरी ३२० युनिटची, सहा पेट्यांत विभागलेली. चौकटीसकट प्रत्येक पेटी ३६० किलोची. चार पेट्या छतावर आणि दोन गाडीच्या शेपटीत, जिथे डिझेल गाडीचं इंजिन असतं तिथे. म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही १.८ मीटर मागे. या दोन पेट्याच पुढे महागात पडल्या.

कागदावर गाडी नियमात बसत होती. रिकाम्या गाडीचं वजन पुढे ४,६२० आणि मागे ८,९८०, एकूण १३,६०० किलो. त्यावर ३५ बसलेले, ३० उभे आणि चालक असे ६६ जण. माणशी ६८ किलो धरून ४,४८८ किलो. या भारातला ५५ टक्के मागे जातो असं गृहीत धरलं होतं. हिशेबाने मागचा ॲक्सल ११,४४८ किलोवर थांबत होता आणि मर्यादा होती ११,५००. शिल्लक ५२ किलो. आणखी दोन माणसं चढली की संपलं. खरेदीच्या फाइलमध्ये या ओळीसमोर नुसतं ‘योग्य’ लिहिलेलं आहे.

मर्यादा कोणत्या

इथे तीन मर्यादा एकाच वेळी पाळायच्या होत्या: पुढचा ॲक्सल ७ टन, मागचा ११.५ टन, एकूण १८.५ टन. भारतात २०१८ मध्ये दोन ॲक्सलच्या गाडीला हेच आकडे लागू झाले. त्याआधी ते ६, १०.२ आणि १६.२ होते. पुढचा आणि मागचा आकडा मिळवला की बरोबर एकूण मर्यादा येते, हे लक्षात घ्यायला हवं. पूर्ण १८.५ टन वापरायचे तर भार नेमक्या त्याच प्रमाणात वाटला गेला पाहिजे. प्रत्यक्षात तो तसा कधीच वाटला जात नाही, त्यामुळे कुठला तरी एक ॲक्सल आधी भरतो आणि एकूण वजनात शिल्लक असूनही गाडी नियमाबाहेर जाते.

माणशी ६८ किलो हा आकडाही समजून घ्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या १०७ क्रमांकाच्या नियमात शहर बससाठी ६८ किलो आणि उभ्या माणसाला ०.१२५ चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे चौरस मीटरला आठ माणसं. दप्तरं, पिशव्या, पावसात भिजलेले कपडे यांची वेगळी मोजदाद त्यात नाही.

अडचण कशी उघड झाली

पहिली तक्रार रस्ते विभागाकडून आली. गाड्या धावू लागून पाचवा महिना चालू होता. सर्वात गर्दीच्या मार्गावरच्या थांब्यांपाशी डांबरात चाकोऱ्या पडल्या होत्या. तीन मीटरची सरळ पट्टी आडवी टाकून मोजलं तर सर्वात खोल चाकोरी २८ मिलिमीटर भरली. मधल्या पट्ट्यांत रस्ता ठीक होता. यात नवल काहीच नाही. डांबर वेगाने जाणाऱ्या चाकाखाली कडक वागतं आणि उभ्या चाकाखाली हळूहळू वाहतं. थांब्यावर गाडी उभी असते, वर ब्रेक लागताना आणि सुटताना डांबर पुढेमागे ढकललं जातं. दुपारच्या उन्हात हे दुप्पट नडतं.

दुसरी खूण डेपोच्या टायरशेडमध्ये होती, पण ती तिथेच राहिली. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरच्या बाजूला फुगवटे येत होते. कारण साधं होतं. डिझेल गाड्यांचे आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे टायर एकाच मापाचे, २७५/७० आर २२.५. फरक फक्त लोड इंडेक्समध्ये, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणाऱ्या क्रमांकात (पहिला एकेरी टायरसाठी, दुसरा जोडीतल्या): जुने १४८/१४५, नवे १५२/१४९. १४५ म्हणजे जोडीत प्रत्येकी २,९०० किलो, चार टायर मिळून ११,६००. १४९ म्हणजे प्रत्येकी ३,२५०, चार मिळून १३,०००. भांडारात माप पाहून टायर दिला जायचा, लोड इंडेक्स कुणी वाचतच नव्हतं. पाच महिन्यांत नऊ इलेक्ट्रिक गाड्यांच्या मागे जुने टायर चढले होते.

रस्ते विभागाच्या पत्राला सेवेचं पहिलं उत्तर होतं, ‘गाड्या मान्यताप्राप्त आहेत.’ खरं तर त्याच दिवशी एक गाडी काट्यावर न्यायला हवी होती. ती नेली सात आठवड्यांनी.

मोजणी

पहिली मोजणी चुकली. गाडी लांब वजनकाट्यावर अर्धी चढवून मागचा ॲक्सल तोलला. पुढची चाकं काट्याबाहेर उतारावर होती. एअर सस्पेंशनची, म्हणजे हवेच्या फुग्यांवर पेललेली, गाडी अशी तिरकी उभी राहिली की भार सरकतो आणि आकडा शेकड्यांनी चुकतो. दुसऱ्यांदा चाकाखाली ठेवायचे सुटे काटे आणले. ते ४० मिलिमीटर जाडीचे. ज्या चाकांखाली काटा नाही त्यांच्याखाली तेवढ्याच जाडीच्या लाकडी फळ्या दिल्या. गाडी सपाट फरशीवर, थांब्यावर गाडी दाराच्या बाजूला झुकवणारी यंत्रणा बंद, हवा पूर्ण भरलेली, गिअर न्यूट्रल, ब्रेक सुटे आणि चाकं घरंगळू नयेत म्हणून ठोकळे. ब्रेक दाबलेला राहिला तर सस्पेंशन अडकून बसतं आणि त्याच गाडीचे दोन वेगळे आकडे येतात.

रिकामी गाडी निघाली १३,८०० किलोची: पुढे ४,६४०, मागे ९,१६०. कागदापेक्षा २०० किलो जास्त आणि त्यातले १८० मागे. मान्यतेच्या वेळी तोललेल्या नमुना गाडीत बॅटरी थंड ठेवणारं द्रव भरलेलं नव्हतं. मोटरच्या कप्प्यातली आग विझवण्याची यंत्रणा, जोडणीपेटीवरचं पोलादी कवच आणि मागचा मोठा सूचनाफलक नंतर आले. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे किरकोळ होता. त्यांची बेरीज ठेवणारी वही मात्र कुणाकडेच नव्हती.

मग सकाळच्या गर्दीत, थांब्यालगतच्या सपाट जागेवर, भरलेल्या गाड्या तोलल्या. सर्वात जड गाडीत चालक धरून ८८ माणसं होती, म्हणजे ५२ उभी. मागे १२,५७० किलो, पुढे ७,२१०, एकूण १९,७८०. तिन्ही मर्यादा ओलांडलेल्या. जुने टायर असते तर मागचा भार त्यांच्या क्षमतेपेक्षा जवळपास एक टन जास्त झाला असता.

रस्त्याच्या भाषेत याचा अर्थ काय? अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या आशो (अमेरिकी राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता चाचणीपासून चौथ्या घाताचा नियम वापरात आहे: नुकसान साधारणपणे ॲक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. तुलनेसाठीचा प्रमाण ॲक्सल ८.१६ टनांचा; त्याचं नुकसान एक धरतात. डिझेल गाडीचा मागचा ॲक्सल तशाच गर्दीत १०.२ टनांच्या आसपास असायचा, म्हणजे २.४ प्रमाण ॲक्सल. १२.५७ टनांचे होतात ५.६. वजन वाढलं २३ टक्के, नुकसान सव्वादोन पटीहून जास्त. हा घात काही निसर्गनियम नाही, रस्त्याच्या थरांनुसार तो कमी-जास्त होतो. पण निर्णय घ्यायला पुरेसा आहे.

पुढे आलेले पर्याय

सवलत मागणे. सेवेच्या वरिष्ठांचा ओढा सुरुवातीला इकडेच होता, आणि त्याला दाखलेही आहेत. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवर एका ॲक्सलला २०,००० पौंडांची, म्हणजे ९ टनांच्या थोडी वरची मर्यादा आहे. सार्वजनिक बससाठी १९९२ पासून ती शिथिल झाली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये दोन ॲक्सलच्या बसचं एकूण वजन १८ वरून १९.५ टन केलं, पण इंजिन किंवा मोटर ज्याला फिरवते त्या ॲक्सलची ११.५ टनांची मर्यादा तशीच ठेवली. दुसऱ्या दाखल्यात शहाणपण जास्त आहे: पूल एकूण वजन सोसतो, रस्ता ॲक्सल सोसतो, आणि सवलत दिली तरी डांबराला ती कळत नाही. शिवाय टायरची क्षमता सरकारी कागदाने वाढत नाही. हा पर्याय सोडला.

उभे प्रवासी ३० वर आणणे. कागदाशी प्रामाणिक, पण दर गाडीमागे २२ माणसं थांब्यावर राहिली असती. शिवाय खरं रिकामं वजन पाहता ३० उभ्यांनाही मागचा ॲक्सल ११,६०० च्या वर जात होता, म्हणजे एवढं करूनही नियम पाळला गेला नसता.

आसनं हलवणे. मागे आसनं वाढवायची आणि पुढे मोकळी जागा ठेवायची. बसलेला माणूस उभ्यापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे गर्दीचा भार पुढे सरकतो. युक्ती स्वस्त आणि एरवी चांगली. पण इथे गर्दीत पुढचा ॲक्सलही ७ टनांवर गेला होता.

मागच्या पेट्या छतावर पुढे नेणे. दोन पेट्या पुढच्या ॲक्सलच्या १.५ मीटर मागे नेल्या तर मागचे ७५६ किलो पुढे जातात आणि गर्दीत पुढचा ॲक्सल ८ टनांच्या जवळ पोचतो. एकूण वजन तेवढंच राहतं. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकल्याने कलंडण्याची चाचणी नव्याने करावी लागली असती.

मागच्या पेट्या काढून टाकणे. इथला हिशेब अनेकांना पहिल्यांदा पटला नाही. ७२० किलो काढले तर मागच्या ॲक्सलवरचे ७२० नाही, ९३६ किलो कमी होतात आणि पुढच्यावर २१६ वाढतात. शेपटीतलं वजन मागचा ॲक्सल टेकू धरून गाडीचं नाक उचलत असतं. ते काढलं की नाक खाली येतं. ७२० गुणिले ७.८ भागिले ६ म्हणजे ९३६. तोटा बॅटरीचा: ३२० युनिटची २१३ उरतात.

तीन ॲक्सलची गाडी. तांत्रिकदृष्ट्या हे सर्वात स्वच्छ उत्तर, पण ते पुढच्या खरेदीसाठी. वळणाचा घेर आणि डेपोतले गाडी खालून तपासण्याचे खड्डे आधी तपासावे लागतात.

काय ठरलं, काय केलं

सर्वात गर्दीच्या तीन मार्गांसाठी १८ गाड्यांतून मागच्या दोन पेट्या काढायच्या, उरलेल्या २२ हलक्या मार्गांवर ठेवायच्या, असं ठरलं. हे शक्य झालं कारण उत्पादकाकडे चार पेट्यांचा प्रकार आधीच मान्यताप्राप्त होता. तो नसता तर नोंदणीत बदल करून घेण्यातच वर्ष गेलं असतं. पेट्या उतरवणं हे सोपं काम. त्यानंतर बॅटरी नियंत्रणाची सेटिंग, मागच्या सस्पेंशनची उंची आणि ब्रेकच्या भार-नियंत्रणाचे आकडे बदलावे लागतात. पहिल्या दोन गाड्यांत तिसरी गोष्ट राहून गेली. मागचा ॲक्सल हलका झालेला असताना रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच अडकायची. चालकांनी सांगितलं तेव्हा कळलं.

उभ्या प्रवाशांची मर्यादा ३६ ठेवली. हिशेब असा: रिकामी गाडी पुढे ४,८५६, मागे ८,२२४, चालकासकट ७२ माणसांचे ४,८९६ किलो, चालकाजवळची जागा उभ्यांना बंद केली तर ५८ टक्के भार मागे. मागे ११,०६४, पुढे ६,९१२, एकूण १७,९७६.

दिवसाला १९० किलोमीटर, किलोमीटरला १.२ युनिट धरून २२८ युनिट लागतात. २१३ पैकी ८० टक्के वापरले तर १७० मिळतात. उरलेल्या ५८ युनिटसाठी दुपारी १२० किलोवॅटच्या चार्जरवर अर्धा तास. प्लग लावणं-काढणं धरून वेळापत्रकात ४५ मिनिटं ठेवली. गर्दीच्या तासाला आठऐवजी दहा फेऱ्या केल्या. टायर भांडारात १४८/१४५ वर पिवळा आणि १५२/१४९ वर हिरवा पट्टा मारला. रस्ते विभागाने सहा थांब्यांवर डांबर काढून काँक्रीटचा पट्टा टाकला, ब्रेक लागण्याची जागा धरून ३५ मीटर लांब.

मध्येच झालेली चूक

गर्दी मोजायला मागच्या चार एअर बेलोंवर, म्हणजे सस्पेंशनच्या हवेच्या फुग्यांवर, दाबाचा सेन्सर बसवला. सुट्या काट्यांवर गाडी दोन भारांना ताडून पाहिली: रिकामी असताना ४.४ बार, मर्यादेला ६.२ बार. ॲक्सल आणि चाकांचं स्वतःचं वजन बेलोंवर येत नाही, म्हणून दाब आणि भार सरळ प्रमाणात धरून चालत नाही. दोन बिंदू लागतातच. दारं बंद, गाडी थांबलेली आणि पाच सेकंद स्थिर असेल तरच आकडा घ्यायचा. दाब मर्यादेवर गेला की चालकासमोर लाल दिवा.

तीन आठवडे दिवा जवळपास कधीच लागला नाही. सगळे खूश. मग नेहमीच्या तपासणीत एक भरलेली गाडी तोलली, तर मागे १०,६७० आणि पुढे ७,३०० किलो. माणसं ७२ च होती. पण मागच्या उंच भागात कुणी सरकत नव्हतं आणि चालकाजवळची जागा भरली होती, त्यामुळे भार निम्मा-निम्मा झाला. पुढच्या दोन टायरची क्षमता ७,१००. म्हणजे सेन्सर हिरवा आणि टायर क्षमतेबाहेर. पेट्या काढल्यावर अडचणीचा ॲक्सल बदलला होता आणि पहारा जुन्याच दारावर होता.

त्यानंतर पुढच्या बेलोंवरही सेन्सर बसला. चालकाच्या मागे जमिनीवर पिवळी पट्टी आली आणि पुढचं दार गर्दीच्या वेळी फक्त उतरायला ठेवलं. पट्टीने फारसं साधलं नाही. दाराच्या नियमाने साधलं.

परिणाम

सहा महिन्यांनंतरच्या तपासण्यांत मागचा ॲक्सल बहुतेक वेळा १०.७ ते ११.३ टनांत राहिला. आधीची फेरी चुकली की पुढची गाडी अजूनही मर्यादेबाहेर जाते. लाल दिवा लागला तरी चढलेल्या माणसाला उतरवता येत नाही. तो दिवा नियंत्रण कक्षात दिसतो आणि मागून जादा गाडी सोडली जाते, इतकंच.

रस्त्यावरचा भार मोजला तर आधी तासाला आठ फेऱ्यांचे ४५ प्रमाण ॲक्सल होत होते, आता दहा फेऱ्यांचे ३४. फेऱ्या वाढूनही भार पावपट कमी. पण डिझेलच्या काळात हाच आकडा २० च्या आत होता, आणि रस्ते विभाग ही गोष्ट प्रत्येक बैठकीत काढतो. त्यांचं चुकत नाही. काँक्रीट टाकलेल्या थांब्यांवर चाकोऱ्या थांबल्या; चढावरच्या सिग्नलपाशी डांबरच आहे, तिथे त्या वाढतच आहेत.

दुपारचं चार्जिंग ही नवी कमजोर कडी ठरली. एक चार्जर बंद पडला की संध्याकाळी तीन गाड्या सेवेबाहेर.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात मोठी संधी निविदेत होती. तिथे फक्त एकूण वजन मागितलं होतं. रिकाम्या गाडीचं वजन ॲक्सलवार, सर्व द्रवं आणि सर्व उपकरणांसह, आणि गाडी ताब्यात घेताना प्रत्येक गाडीचं वजन करून स्वीकारायचं, असं लिहिलं असतं तर २०० किलोंची वाढ पहिल्याच गाडीत दिसली असती. कॅलिफोर्नियाने २०१५ च्या कायद्यात बसच्या ॲक्सलची मर्यादा रिकाम्या वजनावर आणली, त्यामागे हीच सोय आहे: रिकामं वजन खरेदीच्या वेळी तपासता येतं, भरलेलं वजन दर थांब्याला बदलतं. रिकाम्या वजनावरचा नियम गर्दीकडे डोळेझाक करतो हा त्याचा दोष आहेच, म्हणून निविदेत दोन्ही हवेत. पुढच्या निविदेत सेवेने हिशेबाला माणशी ७५ किलो धरले आणि मागच्या ॲक्सलवर ५०० किलो शिल्लक मागितली.

टायरशेड आणि रस्ते विभाग यांच्याकडे एकाच दुखण्याच्या दोन खुणा होत्या; त्या एका टेबलावर आल्या असत्या तर सात आठवडे वाचले असते. पेट्या काढण्याच्या आधीच ‘आता कोणता ॲक्सल आधी भरेल’ हा प्रश्न विचारून सेन्सरची जागा ठरवायला हवी होती. उत्तर त्याच हिशेबाच्या कागदावर होतं.

सहा पेट्यांच्या २२ गाड्या अजून तशाच धावतात. चार पेट्यांची गाडी दुरुस्तीला गेली की ड्युटी बोर्डावर तिच्या जागी सहा पेट्यांची लागायची, कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आता काचेवर मोठ्या अक्षरात ४ किंवा ६ लिहिलेलं असतं आणि सहाची गाडी त्या तीन मार्गांवर काढायची तर डेपो प्रमुखाची सही लागते.